पहिलाच प्रश्न बंद झाला तर: स्टॅक ओव्हरफ्लोवर नवख्याचं काय होतं आणि पुढे काय करायचं

प्रश्न असा आहे: कॉलेजमधली मुलं स्टॅक ओव्हरफ्लोवर, म्हणजे प्रोग्रामिंगचे प्रश्न विचारायच्या साइटवर, पहिल्यांदाच काही विचारतात, थोड्याच वेळात प्रश्नावर 'क्लोज्ड' लागतं, आणि ती पुन्हा तिकडे फिरकत नाहीत. प्रश्न बंद करण्याची ही पद्धत नवख्यांना पळवून लावते का? आणि बंद झालेला प्रश्न वाचवायचा कसा?

हो, पळवून लावते. पण खरं नुकसान बंद करण्याने कमी होतं. बंद झाल्यावर नेमकं काय दुरुस्त करायचं हे कोणी सांगत नाही आणि हाताशी वेळ किती आहे हे नवख्याला ठाऊक नसतं, नुकसान तिथे होतं. नियम माहीत असतील तर बंद झालेले बरेच प्रश्न वाचवता येतात, म्हणून आधी नियम सांगतो.

प्रश्न बंद झाला की एकच गोष्ट थांबते: त्यावर नवीन उत्तर देता येत नाही. प्रश्न सगळ्यांना दिसत राहतो, विचारणाऱ्याला तो एडिट करता येतो, कमेंट लिहिता येतात, मतं पडत राहतात, आधीच उत्तर आलं असेल तर ते स्वीकारता येतं. बंद करायला तिघांची मतं लागतात (२०१९ पर्यंत पाच लागायची) आणि हे मत द्यायला ३००० रेप्युटेशन (साइटवर कमावलेले गुण) हवं. मॉडरेटर एकटा बंद करू शकतो. एखाद्या टॅगमध्ये (विषयात) गोल्ड बॅज, म्हणजे सर्वात वरचा बिल्ला, मिळवलेली व्यक्तीही एकट्याने बंद करू शकते, पण फक्त डुप्लिकेट म्हणून, म्हणजे हाच प्रश्न आधी विचारून झालाय म्हणून. ही सोय २०१४ पासून आहे. पुन्हा उघडायलाही तीन मतंच लागतात.

ही पद्धत आहे कशासाठी, तेही समजून घ्या. अर्धवट प्रश्नाला लोक अंदाजाने उत्तरं देतात. मग विचारणारा खरी माहिती टाकतो, प्रश्न बदलतो, आणि आधीची उत्तरं लटकतात. दुसऱ्यांच्या उत्तरांखालची जमीन काढून घ्यायची नाही असा तिथला शिरस्ता आहे, त्यामुळे उत्तरं आल्यावर प्रश्न मोकळेपणाने दुरुस्तही करता येत नाही. म्हणून उत्तर यायच्या आत प्रश्न बंद झाला तर ते विचारणाऱ्याच्या सोयीचं असतं: सगळा मजकूर नव्याने लिहिला तरी कोणाचं काही बिघडत नाही. दोन-तीन उत्तरं आल्यावर बंद झालेला प्रश्न वाचवणं त्याहून कितीतरी अवघड.

आता हेच नवख्याच्या बाजूने बघा. त्याच्याकडे रेप्युटेशन असतं १. दुसऱ्याच्या प्रश्नावर कमेंट करायला ५० लागतं, अपव्होट (पसंतीचं मत) द्यायला १५, स्वतःच्याच प्रश्नाला पुन्हा उघडण्याचं मत द्यायला २५०. 'माझा प्रश्न का बंद केला' हे रीतसर विचारायची जागा म्हणजे मेटा (साइटच्या कारभाराबद्दल बोलायचा वेगळा विभाग), आणि तिथे लिहायलाही ५ लागतं. म्हणजे बंद करणाऱ्याकडे मत, कमेंट, अनुभव, ओळखीचे लोक, सगळं आहे, आणि नवख्याच्या हातात दोनच गोष्टी: स्वतःच्या प्रश्नाखाली कमेंट आणि एडिटचं बटण. या विषमतेबद्दल फार कमी बोललं जातं. 'एडिट करा, उघडेल' हे म्हणणं बरोबरच आहे, पण ते ऐकणाऱ्याला आपल्या हातात एडिटशिवाय काही नाही हेच माहीत नसतं. तो कमेंटमध्ये वाद घालतो, माफी मागतो, नाहीतर प्रश्न डिलीट करून तोच पुन्हा टाकतो. तिन्ही गोष्टी त्याच्याच विरुद्ध जातात.

शब्दांचाही परिणाम असतो. २०१३ ते २०१९ या काळात बंद झालेल्या प्रश्नावर पहिले पाच दिवस 'ऑन होल्ड' असं लिहून यायचं, 'क्लोज्ड' हा शब्द नंतर लागायचा. पुढे तो टप्पा काढून टाकला आणि कारणांची नावं बदलली. 'अनक्लिअर' आणि 'टू ब्रॉड' जाऊन 'तपशील किंवा स्पष्टता हवी' आणि 'एका मुद्द्यावर आणा' अशा अर्थाची नावं आली. नावं सुधारली हे चांगलं झालं, कारण आता ती काय करायचं ते सांगतात. पण 'थांबवून ठेवलाय' आणि 'बंद केलाय' यांत नवख्याच्या कानाला मोठा फरक लागतो, आणि माझ्या मते पहिला शब्द जाण्यात तोटा झाला. बंद होणं हा मधला टप्पा आहे हे त्या शब्दातूनच कळायचं.

मुदतीचं गणित बंद होण्याच्या पाटीवर कुठेच नसतं, म्हणून ते इथे देतो. डुप्लिकेट सोडून दुसऱ्या कोणत्याही कारणाने बंद झालेला प्रश्न नऊ दिवसांनी आपोआप डिलीट होतो, पण त्यासाठी सगळ्या अटी एकदम पूर्ण व्हाव्या लागतात: प्रश्नाची गुणसंख्या (अपव्होट वजा नापसंतीची मतं) शून्य किंवा कमी, स्वीकारलेलं किंवा अपव्होट असलेलं एकही उत्तर नाही, पुन्हा उघडण्याचं एकही मत शिल्लक नाही, आणि गेल्या नऊ दिवसांत एडिट झालेलं नाही. यातली एक अट जरी मोडली तरी प्रश्न राहतो. प्रश्न शून्यावर असेल तर एका माणसाने दिलेला एक अपव्होट पुरतो, आणि नवव्या दिवसाच्या आत एडिट केलं तर नऊ दिवस तिथून पुन्हा मोजले जातात. ज्या मुलाने रागाने किंवा शरमेने दहा दिवस तिकडे बघितलंच नाही, त्याला परत आल्यावर प्रश्नच सापडत नाही. 'माझं नावच पुसून टाकलं' असं त्याला वाटतं ते इथे.

दुसरं गणित जास्त महागात पडतं. डाउनव्होट (नापसंतीचं मत) झालेले, बंद झालेले आणि डिलीट झालेले प्रश्न साठत गेले की यंत्रणा आपोआप त्या खात्याला प्रश्न विचारायला बंदी करते. स्वतः डिलीट केलेले प्रश्नही यात मोजले जातात. म्हणून 'बंद झाला, डिलीट केला, पुन्हा टाकला' हे दोन-तीनदा केलं की पहिल्या आठवड्यातच खातं अडकू शकतं. नवीन खातं काढून पळवाट शोधणं त्याहून वाईट, कारण बंदी चुकवण्यासाठी दुसरं खातं वापरणं हा स्वतंत्र नियमभंग आहे. बंदी उठवायची ती जुने प्रश्न सुधारूनच.

आता एक प्रश्न जवळून बघू. समजा, विद्यार्थ्याने हे टाकलं:

शीर्षक: 'पायथन एरर, अर्जंट, प्लीज हेल्प'. मजकूर: 'सर, कॉलेज प्रोजेक्टसाठी बाजारभावाची सीएसव्ही फाइल वाचतोय. कोड बरोबर आहे तरी एरर येतो. आणि पायथन चांगलं शिकायचं तर कुठून सुरुवात करू?' सोबत लॅपटॉपच्या स्क्रीनचा मोबाईलवर काढलेला फोटो.

यात बंद होण्याची तीन वेगवेगळी कारणं आहेत. कोड आणि एरर मजकुरात नाहीत, म्हणजे डीबगिंगचा तपशील नाही. एकात दोन प्रश्न आहेत. आणि दुसरा प्रश्न शिफारस मागणारा आहे, तो तिथे चालतच नाही. पण बंद झाल्यावर पाटीवर ठळक दिसतं ते बहुमताचं कारण. मुलगा तेवढंच दुरुस्त करतो, समजा कोड टाकतो, आणि 'कुठून सुरुवात करू' तसंच ठेवतो. पुन्हा तपासणारे 'बंदच राहू द्या' म्हणतात. 'सांगितलं ते केलं तरी उघडत नाहीत' ही तक्रार बहुतेक वेळा इथून येते, आणि ती खोटी नसते: त्याला तीनपैकी एकच चूक सांगितलेली होती.

दुरुस्ती अशी करायची. आधी दुसरा प्रश्न काढून टाकायचा. फोटोही काढून टाकायचा, कारण फोटोतला कोड कोणाला चालवून बघता येत नाही आणि तो शोधातही सापडत नाही. मग फाइलच्या पहिल्या दोन ओळी मजकूर म्हणून द्यायच्या: एक शीर्षकांची (दिनांक, बाजार, भाव) आणि एक आकड्यांची. अख्खा प्रोजेक्ट नको, चूक दाखवण्यापुरता कोड हवा. इथे चार ओळी पुरतात: फाइल यूटीएफ-८ म्हणून उघडली, सीएसव्ही मॉड्यूलच्या डिक्टरीडरला दिली, ओळीवर लूप लावला, 'दिनांक' हा स्तंभ छापायला सांगितला. मग एरर शब्दशः: 'कीएरर' (मागितलेलं नाव सापडलं नाही), आणि पुढे 'दिनांक'. मग काय करून पाहिलं ते: 'बाजार' आणि 'भाव' नीट मिळतात, फक्त पहिला स्तंभ मिळत नाही, सगळ्या स्तंभांची नावं यादी म्हणून छापली तर 'दिनांक'च्या आधी एक विचित्र चिन्ह दिसतं. शेवटी फाइल कुठून आली: एक्सेलमध्ये 'सीएसव्ही यूटीएफ-८' असं निवडून सेव्ह केलेली. शीर्षकात 'अर्जंट' नको, तिथे अडचण हवी: 'सीएसव्ही वाचताना फक्त पहिल्या स्तंभासाठी कीएरर येतो'.

एवढं लिहिल्यावर जाणकाराला दहा सेकंदांत कळतं. एक्सेल त्या प्रकारात फाइलच्या सुरुवातीला तीन बाइट्सची अदृश्य खूण टाकतं, तिला बाइट ऑर्डर मार्क म्हणतात. पायथनने फाइल साध्या यूटीएफ-८ मध्ये उघडली की ती खूण पहिल्या स्तंभाच्या नावाला चिकटते, आणि 'दिनांक' हे 'दिनांक' राहत नाही. उघडताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' दिलं की खूण गळून पडते. बऱ्याचदा असं होतं की प्रश्नाची ही लांबलेली दुरुस्ती करता करताच, स्तंभांची नावं छापून बघण्याच्या पायरीला, विचारणाऱ्याला स्वतःलाच धागा सापडतो.

आणि तरीही हा प्रश्न पुन्हा उघडल्यावर काही मिनिटांत दुसऱ्यांदा बंद होण्याची शक्यता मोठी आहे, या वेळी डुप्लिकेट म्हणून. कारण या अदृश्य खुणेबद्दल तिथे फार पूर्वीच विचारून झालंय. नवख्याला ही दुसरी चपराक वाटते. खरं तर हेच उत्तर असतं. पाटीतल्या दुव्यावर क्लिक केलं की उपाय समोर येतो, आणि नऊ दिवसांचा नियम डुप्लिकेटला लागू नसल्यामुळे प्रश्नही राहतो. त्याला 'बाइट ऑर्डर मार्क' हा शब्दच माहीत नव्हता, त्यामुळे जुना प्रश्न त्याला शोधून सापडणं शक्यच नव्हतं. उद्या त्याच्यासारखाच दुसरा कोणी 'पहिल्या स्तंभासाठी कीएरर' असं शोधेल, तो याच प्रश्नावर येऊन तिथून उत्तराकडे जाईल. म्हणून डुप्लिकेटखाली 'आधी शोधायला काय झालं होतं?' असं लिहिणं सरळ अन्याय आहे. ज्याला नाव माहीत नाही त्याने शोधायचं काय?

डुप्लिकेट चुकीचा लागला असेल तर एडिटमध्ये दोन ओळी लिहाव्यात: जोडलेल्या प्रश्नातला कोणता उपाय करून पाहिला आणि त्यानंतर काय झालं. 'माझा प्रश्न वेगळा आहे' एवढ्यावर कोणी उघडत नाही, फरक दाखवावा लागतो.

बाकीच्या कारणांचं थोडक्यात. 'मतावर आधारित' म्हणून बंद झालेला प्रश्न निकष घालून वाचतो: 'कोणतं चांगलं' ऐवजी 'दहा लाख ओळी आहेत, एकाच स्तंभावर शोध घ्यायचा आहे, यात कुठे काय फरक पडेल' असं विचारा. पुस्तक, टूल किंवा लायब्ररी सुचवा असं विचारलं तर तो प्रश्न तिथला नाहीच, दुरुस्तीत वेळ घालवू नका. टायपिंगच्या चुकीमुळे आलेली अडचण म्हणून बंद झाला असेल तर काम झालंय, सोडून द्या. प्रिंटर चालत नाही, विंडोज अडकतं असल्या अडचणींसाठी त्याच कुटुंबातली सुपर युजर ही साइट आहे. गणिताच्या साइटवर मात्र वेगळीच अडचण येते: पुस्तकातलं उदाहरण जसंच्या तसं टाकलं की 'संदर्भ नाही' म्हणून बंद होतं. तिथे कुठपर्यंत सोडवलं, कोणत्या पायरीला अडलं आणि कोणती व्याख्या धरली हे लिहावंच लागतं.

पुन्हा उघडण्याच्या पायऱ्या क्रमाने:

१. पाटीवरचं कारण वाचा, पण कमेंटही वाचा. खरी चूक बहुतेक वेळा कमेंटमध्ये असते.
२. दुरुस्ती एका बैठकीत, पूर्ण करा. आधी वहीत किंवा साध्या फाइलमध्ये लिहा, मग एकदाच सेव्ह करा.
३. एडिट करताना 'या बदलामुळे बंद होण्याचं कारण दूर झालं' अशा अर्थाची चौकट येते. दुरुस्ती खरंच पूर्ण असेल तरच टिक करा, कारण त्याने प्रश्न तपासणाऱ्यांच्या रांगेत जातो. स्वल्पविराम बदलून किंवा 'प्लीज रीओपन' लिहून पाठवलात तर तपासणारे नाकारतात, आणि दुसऱ्या खेपेला तितकं लक्ष मिळत नाही.
४. 'एडिट' असं लिहून खाली पुरवणी जोडू नका. नवीन वाचणाऱ्याला पहिल्यापासून नीट लागेल असा अख्खा मजकूर लिहा. जुनी आवृत्ती इतिहासात राहतेच.
५. ज्यांनी कमेंट केली होती त्यांना प्रश्नाखालीच एका ओळीत कळवा: कोड आणि एरर टाकलाय, एकदा बघाल का.

मराठी मुलांसाठी एक वेगळी गोष्ट. स्टॅक ओव्हरफ्लो इंग्रजीत आहे. पोर्तुगीज, स्पॅनिश, रशियन आणि जपानी यांच्यासाठी वेगळ्या साइट आहेत, एकाही भारतीय भाषेसाठी नाही. मराठीत किंवा हिंदीत लिहिलेला प्रश्न मुख्य साइटवर बंदच होणार. त्यामुळे आपली मुलं दोन अडचणी एकदम सोडवत असतात. भाषेचं दडपण कमी करायचा उपाय म्हणजे वाक्यं कमी आणि पुरावे जास्त: काय टाकलं, काय आलं, काय यायला हवं होतं. या तीन गोष्टींना अगदी साधं इंग्रजी पुरतं. आपल्याकडे शंकेला 'डाउट' म्हणतात, बाहेरच्या वाचकाला त्याचा अर्थ 'अविश्वास' असा लागतो. तिथे 'क्वेश्चन' लिहा. 'सर', 'हाय', 'थँक्स इन अ‍ॅडव्हान्स' हे कोणीतरी एडिट करून काढतं. त्यात अपमान नसतो, तिथे प्रत्येकाच्या मजकुरातून ते काढतात. आणि इंग्रजी सुधारायला प्रश्न चॅटजीपीटीकडून लिहून घेऊ नका. डिसेंबर २०२२ पासून तिथे अशा मजकुराला मनाई आहे. शिवाय नेमका कोड आणि एरर त्यात गुळगुळीत होऊन हरवतात.

कंपनीनेही प्रयत्न केले. एप्रिल २०१८ मध्ये 'आपण नवख्यांचं नीट स्वागत करत नाही' अशी कबुली जाहीरपणे दिली, त्याच वर्षी नवीन आचारसंहिता आली आणि नवख्याच्या नावापुढे 'न्यू कॉन्ट्रिब्युटर' अशी खूण दिसू लागली. या खुणेने वागणूक सौम्य व्हावी एवढीच अपेक्षा होती. मतांचे आणि मुदतीचे नियम तेच राहिले. माझ्या मते खरा उपयोगी बदल आहे तो स्टेजिंग ग्राउंडचा, जो चाचणीनंतर जून २०२४ पासून नियमित झाला. यात नवख्यांचे काही प्रश्न सगळ्यांसमोर जायच्या आधी तपासणाऱ्यांसमोर येतात. तिथे डाउनव्होट नाही, उत्तर नाही, फक्त 'हे बदला' असं सांगणं आणि बदलून पुन्हा दाखवणं. म्हणजे 'ऑन होल्ड' ज्यासाठी होतं ते काम आता आधीच आणि चारचौघांत लाज न जाता होतं. प्रश्न तिथे गेला तर घाबरून परत घेऊ नका.

आणि ज्यांच्याकडे ३००० रेप्युटेशन आहे त्यांच्यासाठी. बंद करण्याचं मत द्याच, उशीर करू नका, कारण उत्तरं आल्यावर दुरुस्तीची वाट बुजते. पण मतासोबत एक कमेंट लिहा आणि तिच्यात सगळ्या चुका एकदम सांगा. वरच्या उदाहरणात एवढं पुरलं असतं: 'फोटोऐवजी कोड आणि पूर्ण एरर मजकुरात टाका, फाइलच्या पहिल्या दोन ओळी द्या, आणि शिकण्याबद्दलचं वाक्य काढा, म्हणजे उघडता येईल.' पहिल्या प्रश्नाला बंदच्या मताबरोबर डाउनव्होटही देण्याची घाई करू नका. प्रश्न शून्यावर असेल तर सुधारल्यावर मिळणारा एक अपव्होट त्याला नऊ दिवसांच्या नियमातून बाहेर काढतो, उणे दोनवर असेल तर तीन लागतात. आणि प्रश्नाखालचं 'फॉलो' दाबून ठेवा. एडिट झाल्याची सूचना येते, मग तुमचं पुन्हा उघडण्याचं मत पहिलं पडू शकतं, आणि ते एक मत शिल्लक असेपर्यंत प्रश्न आपोआप डिलीट होत नाही.